धाकटीच्या आजाराची वही

गौरी जेवल्या त्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीला ताप आला. डोकं ठणकत होतं. गणपतीत मुंबईहून माणसं येतात, घरोघर सर्दी-ताप असतो, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. चार दिवसांत ताप गेला आणि तिची झोप उडाली. सलग तीन रात्री ती ओटीवर येरझाऱ्या घालत होती. चौथ्या रात्री भजनाला मंडळी बसली होती, तेव्हा ती माजघरातून ओरडत आली की हे सगळे माझंच नाव घेतायत, आणि प्रसादात कायतरी घातलंय. वय 22, बी.एड.च्या पहिल्या वर्षाला. आवाज चढवून बोललेली मी तिला कधी ऐकली नव्हती.

आई रडत एकच बोलायची, "ह्या आमचा चेडू नाय. कोणीतरी कायतरी केल्यान." देवळात कौल लावायला गेलो. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, पण कौल लावायच्या आधीच म्हणाले, "आधी डाक्टराक दाखवा. देव खंय पळान जाणा नाय." त्या एका वाक्याने आमचे किती दिवस वाचले ते मला पुढे कळलं.

तालुक्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं. समोर जे दिसत होतं त्यावर तेच औषध बसत होतं, त्यांना मी दोष देत नाही. पण दोन दिवसांत तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं आणि ताप परत चढला. बोलणं आटत गेलं. आधी आपण बोललेला शेवटचा शब्द ती परत म्हणायची, मग तेही थांबलं.

मी अंगणवाडी सेविका आहे. रजिस्टर भरायची सवय हाडात भिनलेली, म्हणून वहीत वेळ घालून लिहू लागले. त्यात एक नोंद तिच्या तोंडाबद्दल होती. ओठ आणि जबडा सतत हलत होते, कोकमाची बी चोखावी तसे. झोपेतही. आणि उजव्या हाताची बोटं अबोली ओवल्यासारखी चालायची. मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून त्याच डॉक्टरांना पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला: हा वेडाचा प्रकार वाटत नाही, आजच्या आज मेंदूच्या डॉक्टरांकडे कोल्हापूरला न्या.

फोंडाघाट चढताना धुकं इतकं होतं की गाडीचा लाईट पुढच्या वळणापर्यंत पोचत नव्हता. दाजीपूरच्या आसपास तिला पहिली फिट आली. दीड मिनिट. वहीत ते वाकडंतिकडं लिहिलेलं आहे.

एमआरआय नॉर्मल आला. आई हात जोडायला लागली, पण डॉक्टर म्हणाले, मला ज्या आजाराचा संशय आहे त्यात बऱ्याच जणांचा एमआरआय नॉर्मलच येतो. ईईजीत मेंदूच्या लहरी मंदावलेल्या होत्या. आता पाठीतलं पाणी काढायचं होतं, आणि तिथे आई अडून बसली. पाठीत सुई घातली की माणूस अधू होतो, हे आमच्याकडे सगळ्यांनीच ऐकलेलं. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं: मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागात संपतो, सुई त्याच्या खाली जाते, तिथे पाण्यात फक्त नसांचे धागे तरंगत असतात. मग आईने अंगठा दिला. पाण्यात पांढऱ्या पेशी 34 निघाल्या. जास्तीत जास्त 5 असतात.

अँटीबॉडीची, म्हणजे रोगाशी लढायला शरीर जी प्रथिनं बनवतं त्यांची, तपासणी बाहेर पाठवायची होती. नमुना न्यायला आलेल्या मुलाने सुचवलं की नुसतं रक्त पाठवा, स्वस्त पडेल. डॉक्टरांनी ठाम नाही म्हटलं. साधारण 15 टक्के रुग्णांत रक्तात काहीच सापडत नाही, फक्त पाठीतल्या पाण्यात सापडतं. दोन्ही पाठवलं. थर्माकोलचा लहान खोका, आत बर्फाच्या पिशव्या. आमच्याकडे असे खोके मासळीचे. या खोक्यात माझ्या बहिणीचं चमचाभर पाणी होतं, आणि तो मुलगा तो स्कूटरच्या पायाशी ठेवून निघून गेला.

आठ दिवसांनी उत्तर आलं. रक्त निगेटिव्ह, पाणी पॉझिटिव्ह. आजाराचं नाव अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, मेंदूला सूज येण्याचा एक प्रकार. डॉक्टरांनी बाकावर बसून जे समजावलं ते मी लिहून घेतलं. मेंदूच्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. ग्लुटामेट हे त्यातलं उत्तेजन देणारं मुख्य रसायन. ते घ्यायला पलीकडच्या पेशीवर जे रिसेप्टर असतात, त्यातले एक एनएमडीए. आठवण, विचार, हालचाल सगळं त्यांच्यावर चालतं. शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेने चुकून त्यांच्याच विरुद्ध अँटीबॉडी बनवल्या. त्या दोन-दोन रिसेप्टरना एकत्र जखडतात, आणि पेशी ते आत ओढून घेते. दार तोडलेलं नसतं, दारच भिंतीतून आत गेलेलं असतं. पेशी मात्र बहुतेक जिवंत असते. म्हणून अँटीबॉडी हटल्या की रिसेप्टर परत वर येऊ शकतात. मी तीनदा विचारलं, परत येतात ना? तीनदा त्यांनी हो म्हटलं.

हा आजार नेमका ओळखला गेला 2007 मध्ये. डॉ. जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 बायकांची माहिती छापली. त्या सगळ्यांच्या अंगात टेराटोमा नावाची गाठ होती, बहुतेकींच्या अंडाशयात. त्या गाठीत मेंदूसारखा पेशीसमूह वाढू शकतो, आणि शरीर त्याच्याशी लढताना खऱ्या मेंदूवरही उठतं. म्हणून धाकटीची सोनोग्राफी झाली. गाठ नव्हती. अनेकांना गाठ नसताना, कारण न सापडताच हा आजार होतो. 2007 च्या आधी आमच्यासारख्या किती घरांतल्या मुली भगताकडे नाहीतर साखळीने खांबाला राहिल्या असतील, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांनी स्टिरॉइड सुरू केलं होतं, रोज 1 ग्रॅम, 5 दिवस. मग इम्युनोग्लोब्युलिन. तिचं वजन 45 किलो, दर किलोला एकूण 2 ग्रॅम, म्हणजे 90 ग्रॅम: 5 ग्रॅमच्या 18 बाटल्या. आईच्या पाटल्या पतपेढीत गेल्या. बाटली हलवायची नाही, फेस येतो. सुरुवातीला थेंब अगदी सावकाश सोडायचे. हजाराहून जास्त रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून हे औषध गोळा करतात, असं सिस्टरनी सांगितलं. त्यानंतर प्रत्येक बाटली लागताना मी मनात त्या सगळ्यांना नमस्कार केला.

आणि काहीच झालं नाही. पंधरा दिवस ती आयसीयूत होती, नाडी कधी 50, कधी 150. मग रिटुक्सिमॅबचे दोन डोस, पंधरा दिवसांच्या अंतराने. ते अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या मुळाशी जातं. नातेवाईक विचारायचे, एवढे पैसे घातले, फरक काय? डॉक्टर म्हणायचे, दिवस मोजू नका, महिने मोजा. 2013 मध्ये 577 रुग्णांचा अभ्यास छापला गेला, त्यात दोन वर्षांत दहापैकी आठजण चांगले सुधारले होते. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला.

मग हळूहळू एकेक परत येऊ लागलं. आधी झोप. मग ओठ थांबले. मग डोळे आपल्या मागे फिरू लागले. 41 व्या दिवशी मी तिच्या उशाशी बसून वहिनीशी फोनवर बोलत होते, म्हटलं, घरी येऊ तेव्हा सुरमई करून ठेव. बाजूने खरखरीत आवाज आला, "सुरमई नाय. इसवण." आमच्याकडे सुरमईला हेच नाव.

फोन हातातून पडला.

घरी आल्यावरचे महिने हॉस्पिटलपेक्षा कठीण गेले, हे कुणी आधी सांगत नाही. ती लहान मुलीसारखी हट्ट करायची, चुलीवर भांडं ठेवून विसरायची, एकदम रागावायची. मेंदू नव्या आठवणी साठवतो त्या भागात हेच रिसेप्टर दाट असतात, त्यामुळे ते सावरायला वेळ लागतो. शेजारची एक बाई मुलांना आमच्या अंगणात पाठवेना. मी तिच्या घरी जाऊन तासभर बसले, हाच सगळा आजार समजावला. पुढच्या आठवड्यात ती स्वतः शहाळं घेऊन आली.

आता दीड वर्ष झालं. धाकटी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. साधारण दहातल्या एकाला दोन वर्षांत आजार परत येतो, म्हणून झोप बिघडली की मी वहीत लिहिते. दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी चालू आहे.

गौरीपासून इसवणीपर्यंतचं तिला काहीच आठवत नाही. गेल्या महिन्यात तिने वही मागितली. सगळी एकदम नको असं मी म्हटलं, म्हणून रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की एक पान वाचतो. काल घाटाचं पान होतं. अक्षर लागेना तिला. मी वाचून दाखवलं, तर तिने पेन घेतलं आणि माझ्या वाकड्या ओळीखाली सुवाच्य अक्षरात तीच ओळ परत लिहिली, वेळेसकट.