मोझेलकाठची वाईन आणि तिचे लेबल

जर्मनीत मोझेल नदीच्या काठी, पाटीच्या काळ्या दगडांच्या उभ्या उतारांवर रीसलिंग द्राक्षाच्या बागा आहेत. तिथल्या वाईनचे लेबल नवख्याला कोड्यात टाकते, आणि त्याचे मूळ तिथल्या हवामानात आहे. नाशिककडे उन्हाची कमतरता नसल्याने द्राक्षांत साखर सहज भरते. मोझेलकाठी मात्र ती भरेल की नाही, याचीच पिढ्यान्‌पिढ्या चिंता होती. म्हणून दर्जाची मोजणीही साखरेवरच बेतली गेली. आपले बागायतदार ब्रिक्स मोजतात, तसे तिथले ओक्सले मोजतात: एक लिटर रसाचे वजन १०८० ग्रॅम, म्हणजे लिटरभर पाण्यापेक्षा ८० ग्रॅम जास्त भरले, तर तो ८० ओक्सलेचा.

काबिनेट, श्पेटलेज, आउसलेज या १९७१ च्या कायद्यातल्या चढत्या पायऱ्या तोडणीच्या वेळची ही साखर सांगतात. त्यांवरून वाईनही तितकीच गोड असेल असे समजणे चूक आहे, कारण साखर पूर्ण आंबू दिली तर श्पेटलेजही कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली, होते. लेबलावर ‘ट्रोकन’ (कोरडी) असेल तर उरलेली साखर लिटरमागे फार तर ९ ग्रॅम असते, ‘हाल्पट्रोकन’ (अर्धकोरडी) असेल तर साधारण १८ पर्यंत. किंचित गोडसर वाईनसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘फाइनहेर्ब’ या शब्दाला मात्र कायद्यात व्याख्याच नाही. यांपैकी काहीच छापलेले नसेल, तर मी अल्कोहोलचा आकडा पाहते: ८ टक्के म्हणजे आंबणे मध्येच थांबवलेले, अर्थात गोड, १२ च्या आसपास म्हणजे बहुधा कोरडी.

स्थळाच्या नावांत खरी मेख आहे. ‘पीसपोर्टर गोल्डट्रोप्फशेन’ ही पीसपोर्ट गावची एक ठरावीक, नामांकित बाग; ‘पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग’ मात्र अनेक गावांच्या बागा एकत्र मोजणारे मोठे क्षेत्र, आणि दोन्ही नावे दिसायला सारखीच. ही ग्राहकाची सरळ दिशाभूल आहे, असे माझे मत आहे. ती थांबावी म्हणून २०२६ च्या पिकापासून अशा क्षेत्रनामाआधी ‘रेगिओन’ (प्रदेश) लिहिणे बंधनकारक झाले आहे.

उत्पादकाबद्दल ‘गुट्सआपफ्युलुंग’ हा शब्द शोधावा; त्या घराण्याने स्वतःच्याच बागेतली द्राक्षे वापरून बाटली भरली, याची ती कायदेशीर हमी आहे. ‘एर्त्सॉयगरआपफ्युलुंग’ त्याहून सैल, कारण तो सहकारी संस्थांनाही वापरता येतो.

१९१० मध्ये स्थापन झालेल्या आणि बाटलीवर गरुडाचे चिन्ह लावणाऱ्या फाउ-डे-पे या नामवंत उत्पादकांच्या संघटनेने आपल्यापुरता घोळ मिटवला आहे: तिचे सदस्य काबिनेट, श्पेटलेज ही नावे गोडसर वाईनसाठी राखतात आणि सर्वोत्तम बागेतल्या कोरड्या वाईनला ‘ग्रोसेस गेवेक्स’ म्हणतात. संघटनेबाहेरचे कित्येक लहान उत्पादक ‘श्पेटलेज ट्रोकन’ असे आजही हौसेने छापतात, आणि त्यांच्या अंगणात बसून घेतलेली ती वाईन मला पुष्कळदा गरुडवाल्या महागड्या बाटलीइतकीच आवडते.