वायरी बदलल्या तरी ब्लोअर उलटाच

जानेवारीतली सकाळ होती. निफाडकडे पारा बराच उतरलेला, नाशिकच्या अंबडलाही आठ वाजेपर्यंत धुकं होतं. औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन कारखान्यातून फोन आला. ग्राइंडिंग विभागातल्या डस्ट कलेक्टरचा, म्हणजे धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणेचा, एक नंबरचा ब्लोअर (हवा ओढणारा पंखा) चालू होत नव्हता. मोटर जळाली असावी, रिवाइंडिंगला (तारेची गुंडाळी नव्याने भरायला) पाठवतोय, त्याआधी एकदा बघून जा, असा निरोप. पोचलो तेव्हा टेम्पो गेटवर उभा होता आणि फाउंडेशनचे दोन बोल्ट सैल करून झाले होते.

मोटर ३० एचपी म्हणजे २२ किलोवॉटची, ४ पोल, ४१५ व्होल्ट, नेमप्लेटवर ४० अँपिअर. स्टार्टर ऑटोमॅटिक स्टार-डेल्टा, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर उठते आणि टायमरवर लावलेल्या वेळानंतर डेल्टा जोडणीत पूर्ण व्होल्टेजवर जाते. ब्लोअर व्ही-बेल्टवर. बटण दाबलं की मोटर नुसती घुमायची, शाफ्ट जागचा हलायचा नाही आणि दहाव्या-अकराव्या सेकंदाला ओएलआर (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले) पडायचा. लगेच परत लावली तर आठव्या सेकंदालाच, कारण रिले आधीच तापलेला.

"दादा, थंडीने बेअरिंगचं ग्रीस आखडलंय," सुपरवायझर म्हणाले. नाशिकच्या थंडीत बेअरिंगचं ग्रीस ३० एचपीची मोटर अडवण्याइतकं घट्ट होत नाही. तरी शंका ठेवायची नाही म्हणून आयसोलेटर (सप्लाय तोडणारा मुख्य स्विच) बंद केला, कुलूप लावलं, टॅग अडकवला, तिन्ही फेज मेले आहेत हे टेस्टरने नव्हे तर मीटरने बघितलं आणि बेल्ट उतरवले. मोटरचा शाफ्ट दोन बोटांनी फिरला. ब्लोअरचा इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, तोही मोकळा. अडकण्याचा प्रश्न तिथेच संपला.

मग वाइंडिंग. टर्मिनल बॉक्समधल्या सहाही वायरी सोडवल्या, म्हणजे तिन्ही वाइंडिंग एकमेकांपासून सुटी झाली. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर) प्रत्येक वाइंडिंग बॉडीशी आणि एकमेकांशी ८० मेगाओमच्या वर. या व्होल्टेजच्या मोटरला ५ मेगाओमच्या खाली गेलं की मी थांबतो आणि आधी सुकवायला लावतो. इथे तो विषय नव्हता. ओहम मोजताना साध्या मल्टिमीटरवर फार विसंबू नये. एवढ्या मोटरचं एकेक वाइंडिंग अर्ध्या ओहमच्या आसपास असतं आणि मीटरच्या लीड्सच ०.२-०.३ ओहम खातात. आकडा किती येतो यापेक्षा तिन्ही आकडे सारखे येतात का, ते बघायचं. सारखे आले. मोटर जळालेली नव्हती. टेम्पोवाल्याला थोडा वेळ थांबायला सांगितलं.

तोवर रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन घरी जायच्या तयारीत होता. त्याने जाता जाता जे सांगितलं ते सगळ्यात मोलाचं ठरलं. "साहेब, काल संध्याकाळी हा ब्लोअर उलटा फिरला. फेज उलटे झाले असतील म्हणून स्टार्टरच्या इनकमिंगला दोन वायरी बदलल्या. पहाटे परत लावला तर परत उलटाच फिरला आणि ट्रिप झाला. मग शेजारचा दोन नंबरचा ब्लोअर बंद करून हा लावला, तर हललाच नाही."

तीन फेजच्या मोटरला दोन फेज बदलले की दिशा बदललीच पाहिजे. वायरी बदलूनही ती त्याच दिशेला जात असेल, तर तिला तीन फेज मिळतच नाहीत. दोनच फेज पोचले की मोटरमध्ये फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होत नाही, जागच्या जागी कमीजास्त होणारं क्षेत्र तयार होतं. उभ्या शाफ्टला ते हलवू शकत नाही. पण शाफ्ट आधीच फिरत असेल, तर ज्या दिशेला फिरतोय त्याच दिशेला ढकलतं. आणि शाफ्टला उलटं फिरवत कोण होतं? दोन नंबरचा ब्लोअर. दोन्ही ब्लोअर एकाच बॅग फिल्टरवर सक्शनला जोडलेले. एक नंबरचा डँपर (हवेची वाट बंद करणारी झडप) बंद दिसत होता, पण पाती स्पिंडलवर सैल होऊन अर्धी उघडी राहिलेली. दोन नंबर चालू असला की तो एक नंबरच्या आउटलेटमधून हवा उलटी ओढायचा आणि इम्पेलर पवनचक्कीसारखा उलटा फिरायचा. बटण दाबलं की मोटर त्याच दिशेला जोर लावायची.

आता फेज कुठे तुटतोय ते शोधायचं होतं. इनकमिंगला ४१२, ४१४, ४११ व्होल्ट. मेन कॉन्टॅक्टरच्या (बटण दाबल्यावर सप्लाय जोडणाऱ्या विजेच्या स्विचच्या) खाली तेच. स्टार्ट दिल्यावर मोटरच्या यू-१, व्ही-१, डब्ल्यू-१ च्या सुट्या वायरींवरही तिन्ही व्होल्टेज बरोबर. बहुतेक ठिकाणी तपासणी इथेच थांबते आणि "सप्लाय ओके, मोटर खराब" असं लिहिलं जातं. पण स्टारमध्ये वाइंडिंगची दुसरी टोकं, यू-२, व्ही-२, डब्ल्यू-२, स्टार कॉन्टॅक्टरमध्ये एकत्र येतात. ते एकत्र येणं पूर्ण होत नसेल तर पुढच्या तीन टोकांवरचं व्होल्टेज तुम्हाला काहीच सांगणार नाही.

वायरी खुणेप्रमाणे परत जोडल्या, बेल्ट चढवले, दोन नंबर बंद ठेवला. मीटरच्या क्लिपा सप्लाय बंद असतानाच स्टार कॉन्टॅक्टरवर लावल्या, पॅनलपासून सगळ्यांना मागे केलं आणि पाच-पाच सेकंदांचे स्टार्ट दिले, दोन स्टार्टच्या मध्ये रिले थंड होऊ दिला. टाँग टेस्टरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या मीटरवर) दोन फेजना ७५-७६ अँपिअर, तिसऱ्याला शून्य. स्टार कॉन्टॅक्टर ओढल्यावर ही तिन्ही टोकं एकच बिंदू होतात, म्हणून त्यांच्यात शून्य व्होल्ट यायला हवेत. यू-२ आणि व्ही-२ मध्ये शून्य आले. व्ही-२ आणि डब्ल्यू-२ मध्ये ३५७. हा आकडा ओळखीचा आहे. दोन वाइंडिंग दोन फेजमध्ये सिरीजमध्ये बसली की त्यांचा मधला बिंदू आणि तिसरा फेज यांच्यात लाइन व्होल्टेजच्या ०.८६६ पट येतात, ४१२ ला बरोबर ३५७.

परत आयसोलेटर, परत कुलूप. स्टार कॉन्टॅक्टर उघडला. त्यात प्रत्येक वायरीसाठी एक असे तीन पोल असतात. दोन पोलच्या टिप (एकमेकींना टेकणारी चांदीची टोकं) काळ्या पडल्या होत्या पण शाबूत होत्या. काळेपणाला घाबरायचं कारण नाही, चांदीच्या टिपवरचा तो थर करंट जाऊ देतो, म्हणूनच टिपवर कानस फिरवू नये. तिसऱ्या पोलची गत वेगळी होती. चांदीचं बटण जवळपास पूर्ण उडालेलं, खालचं तांबं खरवडल्यासारखं, हलत्या पट्टीची एक कड वितळून थेंबासारखी गोठलेली. पट्टी धरणारं प्लास्टिक त्या बाजूला पाघळलं होतं, त्यामुळे पट्टी तिरकी बसून वरच्या वर थांबायची. हाताने कॉन्टॅक्टरचं आर्मेचर (हलणारा भाग) दाबलं तर दोन पोलवर मीटर वाजायचा, तिसऱ्यावर नाही. जरा जोरात दाबलं की कधी वाजायचा, कधी नाही.

हे का झालं याचं उत्तर लॉगबुकात होतं. आधी टायमर ५ सेकंदांवर होता. हा ब्लोअर स्टारमध्ये वेग धरायला ११ सेकंद घेतो. पाचव्या सेकंदाला टायमर सुटला की स्टार कॉन्टॅक्टरला त्याच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट तोडावा लागायचा, तोही दिवसाला सहा-सात वेळा. स्टारचा कॉन्टॅक्टर मेनपेक्षा लहान बसवतात, कारण त्याने थोडाच वेळ आणि थोडाच करंट वाहायचा असतो. त्यात पॅनलच्या खालचं एक ग्लँड (केबल आत घेण्याचं बूच) उघडं, त्यातून ग्राइंडिंगची लोखंडी धूळ आत.

टिप आधीच गेली असणार, फक्त कळलं नाही. पाच सेकंद मोटर उभी घुमायची, मग डेल्टा पडला की तिन्ही फेज पूर्ण व्होल्टेजने मिळून धाडकन उठायची, जवळपास अडीचशे अँपिअर ओढून. बेल्ट किंचाळायचे, कधी ओएलआर पडायचा, रिसेट केला की चालायची. लॉगबुकात "ओएलआर रिसेट केला" चार वेळा लिहिलेलं होतं. हा झटका कमी व्हावा म्हणून कोणीतरी टायमर १५ सेकंदांवर नेला. ते चुकीचं नव्हतं, पण आता डेल्टा यायच्या आधीच ओएलआर पडू लागला आणि लपलेला दोष उघडा पडला. ओएलआर २३ अँपिअरवर होता, ४० च्या ०.५८ पट, बरोबर जिथे हवा तिथे. रात्री कोणी तो वाढवला असता तर वाइंडिंग खरंच गेलं असतं. पॅनलमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर बंद करणारा रिले) होता, पण तो व्होल्टेज बघणारा, इनकमिंगवर लावलेला. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. असा दोष करंट बघणारा रिलेच पकडतो.

सातपूरच्या दुकानातून त्याच मॉडेलचा कॉन्टॅक्टर आणला. नुसतं टिप किट चाललं असतं, पण प्लास्टिकच पाघळलेलं असताना तो मोह टाळला. स्टारची शॉर्टिंग पट्टी साफ करून घट्ट कसली.

चालू करण्याआधी एक गोष्ट विसरली असती तर सगळा घोळ परत झाला असता. काल बदललेल्या इनकमिंगच्या दोन वायरी अजून बदललेल्याच होत्या. त्या जागेवर आणल्या. त्या इलेक्ट्रिशियनने बदल इनकमिंगला केला हे त्याचं शहाणपण. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये फक्त यू-१ आणि व्ही-१ च्या वायरी अदलाबदल केल्या असत्या, तर डेल्टामध्ये एका वाइंडिंगची दोन्ही टोकं एकाच फेजवर आली असती. स्टारमध्ये मोटर व्यवस्थित फिरते आणि डेल्टा पडताच ट्रिप होते, असा दोष घेऊन मग दोन दिवस शोधत बसावं लागतं.

बेल्ट उतरवून क्षणभर फिरवून दिशा बघितली, मग बेल्ट चढवले. स्टारमध्ये ८६, ८८, ८५ अँपिअर, अकराव्या सेकंदाला करंट खाली आला आणि आवाज स्थिर झाला. तिथे दोन सेकंद जास्त धरून टायमर १३ वर ठेवला. डेल्टात चालू करंट ३१, ३२, ३१.

टेम्पो रिकामा परत गेला. फाउंडेशनचे बोल्ट परत कसले, बेल्टचं अलाइनमेंट दोरीने बघितलं, ग्लँड बंद केलं. दुपारी डँपरच्या पात्याला नवी पिन ठोकली आणि एक नंबर बंद ठेवून दोन नंबर चालू केला. इम्पेलर हलला नाही.