चिवड्याची नऊ पाकिटं

मधल्या सुट्टीतल्या चिंचा आणि गुरुजींच्या छड्या इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. संख्याशास्त्र शिकवणं हे माझं काम, म्हणून मी अकरावी-बारावीच्या मुलांसाठी परिकल्पना चाचणी, म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे तपासायची रीत, मांडतो. तीही आपल्या शाळेच्या महोत्सवात वाटायच्या चिवड्यावर.

समजा, पाकिटावर 200 ग्रॅम छापलंय, पण माल कमी भरतोय अशी शंका आहे. नऊ पाकिटं तोलली: 188, 190, 190, 194, 196, 198, 200, 204, 204. सरासरी 196. चार ग्रॅम कमी खरे, पण हाताने भरताना एवढं मागेपुढे होणारच. मग हा फरक योगायोगाचा म्हणायचा की नाही?

सुरुवात शून्य परिकल्पनेपासून: सरासरी वजन 200 आहे. आरोपीला आधी निर्दोष धरायचं, तसंच. पर्यायी परिकल्पना: वजन 200 पेक्षा कमी आहे. तिसरी गोष्ट सार्थकता पातळी, इथे 5 टक्के; म्हणजे शून्य परिकल्पना खरी असतानाही ती नाकारण्याची चूक शंभरात पाच वेळा होईल, हे आपण पत्करतो. या तिन्ही गोष्टी पहिलं पाकीट काट्यावर ठेवण्याआधी कागदावर उतरवायच्या.

आता गणित. प्रत्येक वजनाचा 196 शी फरक काढून त्याचा वर्ग करा. वर्गांची बेरीज 288 येते. तिला 8 ने भागायचं, 9 ने नाही. सरासरी याच नऊ आकड्यांतून काढली असल्यामुळे आठ फरक कळले की नववा आपोआप ठरतो. 288 भागिले 8 म्हणजे 36, वर्गमूळ 6, हे प्रमाण विचलन. त्याला 9 च्या वर्गमुळाने, म्हणजे 3 ने भागलं की 2, ही सरासरीची प्रमाण त्रुटी. आता फरक प्रमाण त्रुटीच्या किती पट आहे ते पाहायचं, त्यालाच टी म्हणतात: 196 उणे 200 म्हणजे उणे 4, भागिले 2, टी = उणे 2.

(9 ने भागलं तर टी उणे 2.12 येतो. पुरावा फुकटात बळकट दिसतो.)

टी-कोष्टकात 8 च्या (मघाच्याच 9 उणे 1 च्या) ओळीत, 5 टक्क्यांच्या एकतर्फी स्तंभात 1.860 आहे; आपली शंका कमी वजनाची, म्हणून सीमा उणे 1.860. आपला टी त्याच्या पलीकडे गेला, म्हणून शून्य परिकल्पना नाकारायची. पण ‘कमी किंवा जास्त, कसंही चालेल’ अशी दुतर्फी चाचणी आधी ठरवली असती तर सीमा 2.306, आणि याच पाकिटांवर नाकारता आलं नसतं. पी-मूल्य एकतर्फी सुमारे 0.04, दुतर्फी 0.08. आकडे पाहून मग बाजू निवडणारे पुष्कळ भेटतात. निकाल लागल्यावर गोलपोस्ट सरकवण्यातला हा प्रकार.

पी 0.04 याचा अर्थ ‘वजन बरोबर असण्याची शक्यता 4 टक्के’ असा नाही. वजन खरोखर 200 असतं, तर एवढी किंवा याहून कमी सरासरी शंभरात चार वेळा दिसली असती, इतकंच. उलट बाजूने, नाकारता आलं नाही म्हणजे वजन बरोबर ठरलं असंही नाही. नऊच पाकिटांत लहान तफावत निसटते. हीच सरासरी आणि हेच विचलन 36 पाकिटांत आलं तर प्रमाण त्रुटी 1 होते आणि टी उणे 4.

या टीचं कूळ मोठं गमतीचं. डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यातल्या विल्यम गॉसेटने 1908 मध्ये तो मांडला, लहान नमुन्यांसाठीच. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देईना, म्हणून त्याने सही केली ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी.

आता चाचणीला न दिसणारे दोष. रिकामा काटा आधीच उणे 4 ग्रॅम दाखवत असेल, तर टी त्यालाही चिवड्याचाच दोष मानेल. नऊही पाकिटं एकाच खोक्याच्या वरच्या थरातली घेतली, तर मोजलं जातं ते खोकं. पाकिटांना क्रमांक द्या आणि चिठ्ठ्या टाकून उचला. आणि मंडपातल्या वीस पदार्थांची अशीच तपासणी 5 टक्क्यांवर केली, तर सगळे मापात असूनही एखादा तरी ‘दोषी’ निघण्याची शक्यता 64 टक्के. तेवढ्यावर कुणा स्टॉलवाल्याला धारेवर धरू नका. त्याची नवी पाकिटं काढून पुन्हा तोला.