आईच्या गुडघ्यांच्या मापाने गाडीतला पलंग

सातपुड्यात तोरणमाळला मुक्कामाला जायचं म्हणून तंबू आधीच आणून ठेवला होता. मळ्यात लावून पाहिला, आई वाकून आत गेली, झोपलीही; पण सकाळी तिला उभं करायला आम्ही दोघं लागलो. जमिनीवरून उठणं तिच्या गुडघ्यांना जमत नाही. त्याच दिवशी ठरवलं, की आई गाडीत झोपेल, आणि गाडी तिच्या मापाने तयार करायची.

"घर शे ना आपलं, गाडीमा कसाले झोपानं?" असं ती म्हणायची. पण तोरणमाळला जायची इच्छाही तिचीच. लहानपणी महाशिवरात्रीच्या यात्रेला वडिलांचं बोट धरून ती गोरखनाथाला गेली होती, त्यानंतर जाणं झालंच नाही.

आमची सात सीटची एर्टिगा आहे. शिरपूरच्या बाजारातून खताच्या गोण्या तीच आणते, लग्नसराईत पाहुणेही तीच वाहते. म्हणून गाडीला एकही भोक पाडायचं नाही आणि रविवारी रात्री सगळं उतरवता आलं पाहिजे, हे मी सुरुवातीलाच मिस्त्रींना सांगितलं. सीट कायमच्या काढून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतात. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही, आणि पुढे अपघात झालाच तर विमा मिळवताना तेच आडवं येऊ शकतं.

मागच्या दोन्ही रांगा पाडल्या की जवळजवळ सपाट जागा होते, पण ती पूर्ण सपाट नसते. मधे उतार राहतो, आणि पुढच्या सीटच्या मागे पाय जाईल एवढी खोल फट. मिस्त्री अठरा मिलीचं प्लाय लावा म्हणत होते. मी बारा मिलीचं वॉटरप्रूफ घेतलं आणि खालून सागाच्या पट्ट्या मारून घेतल्या, कारण फळ्या चढवणार-उतरवणार मी आणि बायको. तीन तुकडे, मधे बिजागऱ्या. फटीत आजीची पत्र्याची पेटी बरोब्बर बसली. डोक्याकडची फळी तिच्यावर टेकते, आणि पेटीत शिधा राहतो. प्रवासात मात्र पेटी आणि फळ्या पट्ट्याने आवळल्याच पाहिजेत. ब्रेक जोरात लागला की मोकळी फळी थेट पुढच्याच्या मानेवर येईल.

खरं काम डिकीच्या कडेचं होतं. गादीसकट उंची जमिनीपासून तीस इंच भरली. मला ती जास्त वाटली, पण आईने पाठ टेकवून पाहिलं आणि म्हणाली, हीच ठेव. गुडघे दुखणाऱ्याला बसका पलंग नको असतो. उंच कडेवर मागे सरकून बसायचं, मग पाय वर घ्यायचे. उतरताना पाय सोडले की माणूस जवळजवळ उभाच असतो. पायाखाली रुंद स्टूल, त्याला रबराचे बूट. डिकीचं दार वर उघडतं, त्यावरून कापूस झाकायची ताडपत्री ओढली की आडोसा झाला. त्याच आडोशात घडीची कमोडची खुर्ची. ही खुर्ची नसती तर आई संध्याकाळपासून पाणी प्यायची बंद झाली असती. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायचं असेल, तर बाकी काही राहिलं तरी ही आधी घ्या.

गादीसाठी तीन इंची फोम, त्यावर आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. खिडक्यांना जुनी मच्छरदाणी कापून बाह्या शिवाव्यात तशा शिवल्या. दाराच्या चौकटीवरून चढवल्या की काच खाली घेता येते.

विजेसाठी फवारणीच्या पंपाची बॅटरी. बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासांची, घरोघरी असते. पाच वॅटचा छोटा पंखा आठ तास चालला तर चाळीस वॅट-तास जातात, बॅटरीत बारा गुणिले आठ म्हणजे शहाण्णव असतात, आणि लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हिशेब काठावर बसतो. धन टोकाजवळ तीन अँपिअरचा फ्यूज मात्र हवाच. गाडीच्या बॅटरीला हात लावायचा नाही. सकाळी स्टार्टर फिरला पाहिजे.

ऑक्टोबरमध्ये एक रात्र मळ्यात काढली. विसरलेल्या वस्तू घरून आणता आल्या. डिसेंबरात शहाद्यावरून घाट चढून वर गेलो. तोरणमाळ साडेतीन हजार फुटांच्या वर आहे, आणि थंडीत खाली शिरपूरला स्वेटर चालतो तिथे वर कानटोपीही पुरत नाही. यशवंत तलावाच्या बाजूला, विचारून, सपाट जागी गाडी लावली. पाण्याची बाटली फळीवर आडवी ठेवून पाहिली, जिकडे घरंगळली तिकडे पाय केले. चाकांना दगड लावले. जेवण घरचंच: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कळण्याची भाकरी.

पहिल्या रात्री चूक माझी झाली. थंडी वाजू नये म्हणून सगळ्या काचा घट्ट लावल्या. आई आणि लेक आत, आम्ही दोघं बाजूच्या तंबूत. पहाटे दार उघडलं तर काचांवरून पाणी ओघळत होतं आणि गोधडीची कड भिजलेली. दोन माणसांच्या श्वासातली वाफ गार काचेवर दुसरं काय करणार. दुसऱ्या रात्री समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेवल्या, गोधडी कोरडी राहिली. ऊब हवी म्हणून आई निखाऱ्यांची शेगडी आत मागत होती. त्याला मी ठाम नाही म्हणालो. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत माणूस जातो. इंजिन चालू ठेवून एसी किंवा हीटर लावून झोपणंही त्याच कारणासाठी नाही. रबरी पिशवीत गरम पाणी भरून तिच्या पायाशी ठेवलं.

सकाळी ती डिकीच्या कडेवर पाय सोडून बसली होती, स्टुलावर टाचा टेकवून, तळ्याकडे बघत. चहा हातात दिला तेव्हा तिनेच विचारलं, "आते कथा जानं?" आता कुठे जायचं?

चाळीसगावजवळची पाटणादेवी म्हणतेय. मार्चच्या मध्यानंतर आपल्याकडे पत्र्याच्या डब्यात झोपणं शक्य नाही, त्यामुळे फेब्रुवारीतच जावं लागेल. तोवर पेटीच्या कडेने खालून येणारा गार वारा अडवायला गोणपाटाची पट्टी शिवायची आहे.