जळगावचा तलाव ते स्वराज द्वीपचं प्रवाळ: वजनाचा हिशेब

अंदमानातल्या स्वराज द्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक) स्कूबा डाइव्हिंगला, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहायला, जायचंय. त्यासाठीचा जळगावच्या पोहण्याच्या तलावातल्या सरावाचा हा टप्पा संपत आलाय. मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने फुंकून काढणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर (श्वास घ्यायचं तोंडातलं साधन) हात मागे फिरवून पकडणं, जोडीदाराच्या ऑक्टोपसवर (जादाच्या रेग्युलेटरवर) श्वास घेत वर येणं, एवढं गटात सगळ्यांना जमतंय. कच्चं राहिलंय ते एकच: न हलता एका खोलीवर ठरून राहणं. अंदमानात नवख्यांच्या हातून प्रवाळ मोडतं ते बहुतेक याच कच्चेपणामुळे. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतं, गोलाकार दगडी प्रवाळ जेमतेम एक सेंटिमीटर. फिनचा (पायात घालायच्या वल्ह्याचा) एक फटका आणि कित्येक वर्षांची वाढ गेली. म्हणून या नोंदीत बाकीचं थोडं आणि हेच जास्त.

खान्देशात पुष्कळ जण विहिरीत पोहायला शिकलेले, पाठीला डबा बांधून. तिथे डोकं पाण्यावर ठेवायचं असतं, त्यामुळे पाय खाली मारायची आणि हातांनी पाणी दाबायची सवय अंगात मुरते. स्कूबात हीच सवय नडते. शरीर उभं राहतं, फिन तळाकडे होतात, वाळू उसळून प्रवाळावर बसते आणि हात मारण्यात हवा भराभर संपते. यावर उपाय म्हणजे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून ठेवायचं आणि फक्त बेडकासारखी फ्रॉग किक मारायची: गुडघे वाकवून, फिन पाठीच्या रेषेच्या वर ठेवून, पाणी मागे ढकलायचं. किक झाली की थांबायचं, सरकू द्यायचं. पुढची किक घाईने मारली की खोली बिघडते.

आता वजन, म्हणजे बुडण्यासाठी कमरेला बांधायचं वजन. समुद्रात घालणार तोच ३ मिमीचा सूट, तोच बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) घालून पाय टेकणार नाहीत अशा भागात उभं तरंगायचं. सिलिंडर ५० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) उतरलेला असायला हवा. बीसीडी पूर्ण रिकामा करा, नेहमीइतकाच श्वास घेऊन थांबा, पाय हलवू नका. पाणी डोळ्यांच्या रेषेवर राहिलं आणि श्वास सोडताच सावकाश बुडालात, की वजन बरोबर. ५० बारचा आग्रह कशासाठी, तर नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची आतली जागा ११.१ लिटर असते. २०० बारवरून ५० वर येईपर्यंत सुमारे १,६६५ लिटर हवा खर्च होते, आणि लिटरला १.२ ग्रॅम धरले तर तिचं वजन २ किलो भरतं. भरल्या सिलिंडरवर तोललं, तर शेवटी सुरक्षेसाठी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायची वेळ येते तेव्हा शरीर आपोआप वर निघतं. रिकामा सिलिंडर हाताशी नसेल तर भरल्यावर तोला आणि वर २ किलो घाला.

तलावातला आकडा समुद्रात चालत नाही. खारं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, म्हणून सामानासकट स्वतःच्या वजनाचे अडीच टक्के वाढवायचे. ७० किलोचा माणूस सिलिंडर, बीसीडी, सूट धरून ९५ किलोच्या आसपास जातो, त्याचे झाले २.४ किलो. जळगावात २ किलो लागत असतील तर तिथे साडेचार मागायचे, आणि पहिल्या डाइव्हला उथळ पाण्यात पुन्हा तोलून बघायचं. ‘असू द्या थोडं जास्त’ हा सल्ला मात्र घेऊ नका. जास्तीचं वजन उचलायला बीसीडीत जास्त हवा भरावी लागते, ती हवा खोलीबरोबर फुगते-आकसते, आणि माणूस सारखा वर-खाली होत राहतो.

वजन बरोबर असूनही पाय खाली जात असतील तर ते कुठे बांधलंय ते बघा. किलो-दोन किलो कमरेवरून काढून सिलिंडरच्या पट्ट्यावर वर सरकवले की बहुतेकांचं शरीर आडवं होतं. ऑक्टोपस आणि गेज (हवेचा दाब दाखवणारी तबकडी) क्लिपने छातीशी अडकवा, लोंबणारी नळी प्रवाळात अडकते.

तलावात तोल सांभाळणं जड जातं म्हणून निराश व्हायचं कारण नाही. पृष्ठभागापासून ३ मीटरपर्यंत दाब १ बारवरून १.३ होतो, म्हणजे ३० टक्के वाढ. १२ वरून १५ मीटरला जाताना २.२ चा २.५, जेमतेम १४ टक्के. उथळ पाण्यात इनफ्लेटरची (बीसीडीत हवा भरायच्या बटणाची) लहानशी चूकही मोठी दिसते. तळापासून हातभर वर राहून फक्त श्वासावर चढायचं-उतरायचं. श्वास घेतल्यावर परिणाम दिसायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढा धीर धरा. वर जाताना श्वास कधीही रोखू नका, अगदी तलावातसुद्धा.

हवेचा खर्च मांडायचा असा: १५ मीटरवर २० मिनिटांत ६० बार गेले, तर ६० गुणिले ११.१ म्हणजे ६६६ लिटर. भागिले २० मिनिटं, भागिले १५ मीटरवरचा दाब २.५. उत्तर मिनिटाला साधारण १३ लिटर. हात थांबले की हा आकडा उतरतो.

सरावासाठी तोरणमाळचा यशवंत तलाव सुचवला जातो. तो हजार मीटरच्या वर आहे, आणि ३०० मीटरच्या वर डाइव्हिंगचे हिशेब बदलतात. नवख्यांनी तिथे जाऊ नये.

सामानाबद्दल. आपल्या बऱ्याच गावांत बोअरचं पाणी क्षाराचं आहे. त्यात धुतलेल्या इनफ्लेटरच्या बटणात पांढरा थर साचतो, बटण अडकतं आणि बीसीडी आपोआप भरत राहतो. शेवटचं धुणं आरओच्या पाण्यात करा. फर्स्ट स्टेजचं (रेग्युलेटरच्या सिलिंडरला जोडायच्या भागाचं) झाकण घट्ट लावा, भिजत असताना रेग्युलेटरचं पर्ज बटण (हवा सोडायचं) दाबू नका. जळगाव-भुसावळचं मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन सूट आणि सिलिकॉनची वाट लावतं. पत्र्याच्या खोलीत काही ठेवू नका.

अंदमानचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल धरा, पाणी २७ ते ३० अंश. तारखा ठरवताना दिनदर्शिकेत तिथी बघा: अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोराचे, अष्टमीच्या भांगाला (लहान भरती-ओहोटीला) कमी. स्वराज द्वीपच्या दोन नंबरच्या किनाऱ्यावरून निमो रीफला (किनाऱ्यालगतच्या प्रवाळाला) चालत शिरायचं असेल तर भरतीची वेळ लागते. ओहोटीला पाणी लांब जातं आणि खडकांतून चालावं लागतं.

टायटन ट्रिगरफिश हा घरटं राखणारा मासा अंगावर आला तर वर पळू नका, आडवे सरका. घरट्यावरची त्याची हद्द वर रुंद होत जाते. लायनफिश या माशाचा विषारी काटा लागला तर सोसवेल इतकं गरम पाणी, ४५ अंशांपर्यंत, ३० ते ९० मिनिटं, आणि मग डॉक्टर. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही खिशात घालू नका, प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहे.

परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तासांनी, जमलं तर २४. चेन्नईहून पुढे नवजीवन एक्सप्रेस थेट भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबारला येते, त्या प्रवासाला ही अट नाही.