स्टेंटनंतरच्या अहवालातला लाल आकडा

वाशीच्या बाजार समितीत ओझी वाहणारे माथाडी कामगार नवी मुंबईतल्या आमच्या हृदयरोग विभागात नेहमी येतात. त्यांपैकी साताऱ्याकडच्या, कोपरखैरण्यात राहणाऱ्या, अठ्ठावन्न वर्षांच्या एका कामगाराला जिना चढताना छातीत दडपण येत असे. गोळ्यांनी ते आटोक्यात राहत नसल्यामुळे आम्ही डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत स्टेंट बसवायचे ठरवले. हृदयविकाराचा झटका त्यांना आलेला नव्हता.

आदल्या दिवशीच्या रक्ततपासणीत ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारे प्रथिन, ११ होते, त्यावरून हृदयाचा स्नायू शाबूत होता. शरीरातला दाह, म्हणजे आतली सूज, दाखवणारे अतिसंवेदनशील सीआरपी हे प्रथिन मात्र लिटरमागे ७.४ मिलिग्रॅम आले. हे प्रमाण १ च्या आत असावे, ३ च्या वर गेल्यास हृदयविकाराचा धोका अधिक मानतात, आणि १० ओलांडले तर एखादा ताजा संसर्ग असेल असे समजून काही दिवसांनी तपासणी पुन्हा करावी लागते. या गृहस्थांना ताप, खोकला, लघवीचा त्रास यांपैकी काहीच नव्हते. म्हणजे शरीरात कुठेतरी जुना दाह धुमसत होता. इंटरल्यूकिन-६ हे द्रव्य रक्तात वाढले की यकृत सीआरपी तयार करते, त्यामुळे आकडा दाहाची जागा सांगत नाही, फक्त तो आहे एवढेच सांगतो.

स्टेंट व्यवस्थित बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रोपोनिन ११८ आले आणि अहवालात तो आकडा लाल अक्षरांत छापलेला होता. मुलाने तो मोबाइलवर पाहिला आणि धावत येऊन विचारले, ''डॉक्टर, ब्लॉकेज काढताना बाबांना अटॅक आला का?''

त्याला मी खुर्चीवर बसवून घेतले, कारण या प्रश्नाचे उत्तर घाईत देण्यासारखे नसते. स्टेंट बसवायला धमनीत फुगा फुगवताना तिथे साचलेला मेणचट थर दाबला जातो, त्याचे सूक्ष्म कण पुढच्या बारीक वाहिन्यांत जाऊन अडकतात, कधी धमनीची एखादी छोटी फांदी काही वेळ बंद होते, आणि तेवढ्यानेही स्नायूतले ट्रोपोनिन रक्तात येते. थर दाहाने मऊ झालेला असेल तर हे अधिक संभवते. प्रक्रियेपूर्वी सीआरपी जास्त असलेल्या रुग्णांत अशी इजा अधिक दिसल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. आमच्या प्रयोगशाळेत पुरुषांसाठी ट्रोपोनिनची वरची मर्यादा ३४ आहे. हृदयविकाराच्या झटक्याच्या २०१८ च्या जागतिक व्याख्येनुसार, आधी ट्रोपोनिन सामान्य असलेल्या रुग्णात स्टेंटनंतर ४८ तासांत ते मर्यादेच्या पाचपटीपुढे, म्हणजे इथे १७० च्या पुढे जावे लागते, आणि सोबत ईसीजी, इको किंवा अँजिओग्राफीत रक्तपुरवठा अडल्याचा पुरावा लागतो. तेव्हाच त्याला झटका म्हणतात. वडिलांचा ईसीजी बदललेला नव्हता, हृदयाच्या भिंतींची हालचाल चांगली होती, सगळ्या फांद्या उघड्या होत्या. ही स्नायूची सौम्य इजा होती, झटका नव्हता.

शिकाऊ डॉक्टरांनी त्याच दिवशी सीआरपी पुन्हा पाठवायचे सुचवले. मी नको म्हटले. प्रक्रियेनंतर ते बहुतेकांचे वाढते आणि साधारण दोन दिवसांनी शिखर गाठते, त्यामुळे त्या आकड्यावरून कोणताच निर्णय निघाला नसता. उपयोगाचा आकडा आधीचा ७.४ होता, आणि त्याचे मूळ शोधणे बाकी होते.

ते मूळ बऱ्याच अंशी तोंडात सापडले. वर्षानुवर्षे दाढेत तंबाखू धरल्याने हिरड्या सुजलेल्या होत्या आणि दाबल्या की रक्त यायचे. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ''मी सांगून दमले, डॉक्टर. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.'' मी सांगितले, आणि स्टॅटिनची मात्राही वाढवली. ते औषध कोलेस्टेरॉलबरोबर सीआरपीही खाली आणते.

दाह कमी करणाऱ्या कोल्चिसिन या औषधाचा विचारही झाला. २०१९ आणि २०२० च्या मोठ्या चाचण्यांत त्याच्या रोजच्या ०.५ मिलिग्रॅमने झटक्यासारख्या हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या, तर झटक्यानंतरच्या रुग्णांवरील २०२४ च्या चाचणीत फायदा दिसला नाही. शिवाय एका चाचणीत स्टेंटच्या आधी दिलेली मात्रा प्रक्रियेतली ही इजा टाळू शकली नव्हती. त्यांचे मूत्रपिंड थोडे अशक्त असल्याने मी ते औषध दिले नाही.

दंतवैद्यांना चिठ्ठी लिहिताना एक ओळ अधोरेखित केली: हिरड्यांच्या उपचारासाठी, स्टेंटमुळे चालू असलेल्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या माझ्याशी बोलल्याशिवाय बंद करू नयेत, कारण नव्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका हिरडीतून थोडे रक्त येण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. हिरड्या बऱ्या झाल्यावर सीआरपी पुन्हा तपासायचे ठरले आहे.