लुइझियानावर ह्युई लाँगची पकड कशी बसली

१९२८ साली ह्युई लाँग अमेरिकेच्या लुइझियाना राज्याचा गव्हर्नर झाला. खेड्यापाड्यांत पक्के रस्ते, शाळकरी मुलांना फुकट पाठ्यपुस्तकं. लोक त्याच्यामागे उगाच गेले नाहीत, हे आधी मान्य करायला हवं.

खरी मेख नेमणुकांत होती. पद देतानाच तारीख न घातलेला राजीनामा लिहून घ्यायचा. माणूस बिथरला की फक्त तारीख टाकायची. शिवाय सरकारी नोकरांच्या पगारातून ठरावीक टक्के रक्कम त्याच्या राजकीय निधीत जायची.

१९२९ मध्ये महाभियोग आला. दोषी ठरवायला राज्याच्या सिनेटमधल्या ३९ पैकी २६ सिनेटरांची मतं हवी होती. लाँगने १५ जणांच्या सह्या घेतल्या: पुरावा काहीही येवो, आम्ही लाँगच्या विरोधात मत देणार नाही. खटला तिथेच बारगळला. मला हा कागद सगळ्यात भयंकर वाटतो. सुनावणीआधीच निकाल लागला होता.

पुढे तो स्वतः वॉशिंग्टनला, देशाच्या सिनेटमध्ये, सिनेटर म्हणून गेला आणि गव्हर्नरपदी आपला माणूस, ऑस्कर अ‍ॅलन, आणला. १९३४ मध्ये आठवड्याला २०,००० हून जास्त खप असलेल्या वृत्तपत्रांच्या जाहिरात उत्पन्नावर २ टक्के कर बसवला. सर्वोच्च न्यायालयाने तो १९३६ मध्ये रद्द केला. तोवर लाँग उरला नव्हता. सप्टेंबर १९३५ मध्ये बॅटन रूजच्या विधानभवनात त्याला गोळी लागली आणि दोन दिवसांनी तो गेला.